विश्लेषण : विंचू, मण्यार, कीटकनाशक... विषबाधेचा माग ग्राफीनचा सेन्सर काढू शकेल?

मेंदू आणि चेतातंतूंमधील रासायनिक संदेश मोजणारे ग्राफीनचे सेन्सर जगभरातील प्रयोगशाळांत तयार होत आहेत. शहापूर-मुरबाडसारख्या भागात ज्या विषबाधांनी माणसे दगावतात, त्यातील बऱ्याच याच रासायनिक संदेशांत बिघाड करतात. मग हा सेन्सर आरोग्य केंद्रात कामाला येईल का? तो नेमके काय मोजतो? अडते कुठे?

प्रश्न कुठून सुरू होतो?

भातलावणीचे दिवस. पहाटे चारच्या सुमारास दहा-बारा वर्षांच्या मुलाला आरोग्य केंद्रात आणले जाते. रात्री तो जमिनीवर अंथरूण टाकून झोपला होता. आता पोटात दुखते आहे, एक उलटी झाली आहे. साप कुणी पाहिलेला नाही, अंगावर दंशाची खूणही सापडत नाही. पोटदुखीचे औषध देऊन घरी पाठवावे की थांबवून घ्यावे? तासा-दोन तासांत मुलाच्या पापण्या जड होऊ लागतात आणि मग उलगडा होतो, की मण्यार चावला आहे.

हा कुठल्या एका रुग्णाचा किस्सा नाही. मण्यारच्या दंशाचे वैद्यकीय पुस्तकांतील वर्णनच असे आहे. हा साप रात्री फिरतो, झोपलेल्या माणसाला चावतो आणि दंश फारसा दुखत नाही.

घोणस किंवा फुरसे चावले असेल तर डॉक्टरांच्या हाती एक अगदी स्वस्त चाचणी असते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे आणि २० मिनिटे न हलवता ठेवायचे. नंतर नळी कलती केली आणि रक्त गोठलेले नसेल, तर विष रक्तात भिनले आहे असे समजायचे. वीज नको, यंत्र नको.

चेतासंस्थेवर हल्ला करणाऱ्या विषासाठी मात्र अशी नळी नाही. नाग किंवा मण्यार चावला असेल तर पापण्या, गिळणे, मान उचलणे आणि श्वास यांवर डॉक्टर नजर ठेवून बसतात. लक्षण दिसेपर्यंत विषाने काम सुरू केलेले असते. ग्राफीनच्या सेन्सरकडे पाहायचे ते या रिकाम्या जागेसाठी.

ही रिकामी जागा किती मोठी आहे?

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातील बहुतेक ग्रामीण भागातील. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, हे त्याचे उद्दिष्ट आहे.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील डोंगरी, जंगलपट्ट्याचे तालुके. भाताची खाचरे, गवताची माळराने, कातकरी-ठाकूर वाड्या-पाडे, वीटभट्ट्यांवरील कुडाच्या झोपड्या. साप-विंचवाशी गाठ रोजची. शहापूरला आसनगाव स्थानक आणि महामार्ग तरी आहे. मुरबाडकरांना कल्याणपर्यंत रस्त्यानेच यावे लागते. मोठे रुग्णालय ठाणे किंवा मुंबईत. अशा वेळी ‘हा रुग्ण इथेच ठेवायचा की पुढे पाठवायचा’ हा निर्णय अर्धा तास आधी झाला, तरी जीव वाचू शकतो.

न्यूरोट्रान्समीटर म्हणजे काय?

चेतातंतू म्हणजे घरातील विजेची वायर नव्हे. एका चेतापेशीचे टोक आणि पुढची पेशी यांच्यात अतिसूक्ष्म फट असते. विजेचा संदेश तिथे येऊन थांबतो आणि पुढचा प्रवास रसायनाच्या रूपात होतो. टोकाच्या पिशव्यांतून रसायन सुटते, फट ओलांडते आणि समोरच्या पेशीवरील ग्राहकाला चिकटते. या रसायनांना न्यूरोट्रान्समीटर म्हणतात. डोपामाइन, सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनालिन, अॅसिटिलकोलिन ही त्यातील काही नावे.

१९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकांच्या हृदयावर प्रयोग करून संदेश रसायनातून जातो हे दाखवले. एका हृदयाची गती चेतातंतू उद्दीपित करून मंद केली, त्याभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयाला दिले आणि तेही मंद झाले. ते रसायन अॅसिटिलकोलिन होते. या संशोधनासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल मिळाले. आपण हात हलवतो, छाती फुगवून श्वास घेतो, ते स्नायूंपर्यंत पोहोचणाऱ्या याच अॅसिटिलकोलिनमुळे.

विषबाधेत नेमके काय बिघडते?

मण्यारचे विष चेतातंतूच्या टोकावर हल्ला करते. पिशव्या रिकाम्या होतात, टोक निकामी होते आणि अॅसिटिलकोलिन सुटणेच थांबते. एकदा झालेले हे नुकसान प्रतिविषाने भरून येत नाही. टोके पुन्हा तयार होईपर्यंत, काही दिवस, रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागू शकते. म्हणून प्रतिविष लवकर द्यायचे.

नागाचे विष समोरचा ग्राहक अडवते. अॅसिटिलकोलिन सुटते, पण त्याला बसायला जागा नसते. इथे निओस्टिग्मिन हे औषध अॅसिटिलकोलिन मोडण्याची क्रिया लांबवून मदत करते.

फवारणीच्या ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांचे उलटे आहे. वापरून झालेले अॅसिटिलकोलिन मोडणारे एक विकर असते, कोलिनएस्टरेज. कीटकनाशक तेच बंद पाडते. मग रसायन साचत जाते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, छातीत कफ भरतो, स्नायू फडफडतात.

लाल विंचवाच्या विषामुळे चेतातंतूंचे टोक बंदच होत नाही. नॉरअॅड्रेनालिन आणि अॅड्रेनालिनचा रक्तात पूर येतो. घाम, थंड हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि मग थकलेले हृदय, फुप्फुसात पाणी.

चारही विषबाधांचा मार्ग वेगळा, पण बिघाड रासायनिक संदेशातच.

हे समजल्याने आजवर काही फरक पडला आहे का?

पडला आहे, आणि तो कोकणातच. शहापूरपासून दक्षिणेला, रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम सुरू केले. तेव्हा विंचूदंशाने धडधाकट माणसे आणि मुले दगावत होती. हाताशी यंत्रे नव्हती. ते रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचे तापमान तासातासाला नोंदवत राहिले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये आली.

त्या नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट झाली. रुग्णाला मारतो तो नॉरअॅड्रेनालिनसारख्या रसायनांचा पूर. मग त्यांनी ती रसायने ज्या ग्राहकांवर काम करतात त्यातील एक गट अडवणारी, रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची गोळी वापरायला सुरुवात केली. त्यांच्या नोंदींनुसार एकेकाळी गंभीर रुग्णांत ३० ते ४० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सुधारतो, हे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी २०११ मध्ये ‘बीएमजे’त दाखवले. २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

या उदाहरणात सेन्सर कुठेही नाही. कोणते रसायन बिघडले आहे हे ओळखले, आणि उपचार बदलला. सेन्सरचे मोलही यावरच ठरणार.

ग्राफीन म्हणजे काय? सेन्सरसाठी तेच का?

पेन्सिलीतील शिसे म्हणजे ग्रॅफाइट. ते कार्बनच्या एकावर एक रचलेल्या पातळ थरांचे असते. त्यातील फक्त एक थर, एका अणूच्या जाडीचा, म्हणजे ग्राफीन. एक मिलिमीटर ग्रॅफाइटमध्ये असे सुमारे ३० लाख थर असतात. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने थर सोलत सोलत हा एक थर वेगळा केला. २०१० मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्याचा सेन्सरला उपयोग असा. तांब्याच्या तारेत बहुतेक अणू आत असतात. बाहेर काय चिकटले याने आतल्या प्रवाहाला फरक पडत नाही. ग्राफीनला ‘आत’ असे काही नसतेच. प्रत्येक अणू पृष्ठभागावर. त्यामुळे जवळ थोडासा विद्युतभार आला तरी त्यातून वाहणारा प्रवाह बदलतो.

ट्रान्झिस्टर रसायन कसे ओळखतो?

अभियांत्रिकीच्या वर्गात ट्रान्झिस्टर समजावताना पाण्याचेच उदाहरण देतात. शहापूरकरांना भातसाचा कालवा डोळ्यांसमोर आणता येईल. पाणी येते ती बाजू म्हणजे सोर्स, जाते ती बाजू ड्रेन आणि मधले दार म्हणजे गेट. दार थोडे वर-खाली केले की पाण्याचा लोंढा कमी-जास्त होतो. ट्रान्झिस्टरमध्ये पाण्याऐवजी विद्युतप्रवाह आणि दाराऐवजी व्होल्टेज असते.

ग्राफीनच्या सेन्सरमध्ये दोन धातूंच्या पट्ट्यांमध्ये ग्राफीनचा तुकडा असतो. त्यावर रक्तरस किंवा घामासारख्या द्रवाचा थेंब ठेवतात. तो द्रवच दाराचे काम करतो. त्यासाठी एक व्होल्टपेक्षाही कमी दाब पुरतो.

पण द्रवात शेकडो रसायने असतात. हवे तेच ओळखण्यासाठी ग्राफीनवर ‘हूक’ बसवतात. हे हूक तीन प्रकारचे असू शकतात : विशिष्ट रेणूलाच धरणारे डीएनएचे छोटे तुकडे, ज्यांना अॅप्टामर म्हणतात, प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, किंवा विकरे. हवा तो रेणू हुकात अडकला की ग्राफीनजवळचा विद्युतभार सरकतो आणि प्रवाह बदलतो. तो आकडा पडद्यावर दिसतो.

ग्राफीनचा एक दोष इथे आड येत नाही. त्यातला प्रवाह पूर्ण बंद करता येत नाही, म्हणून संगणकाच्या चिपसाठी ते गैरसोयीचे. सेन्सरला मात्र चालू-बंद नको असते, बारीक बदल हवा असतो.

मग अडते कुठे?

पहिली अडचण मिठाची. रक्तात क्षार असतात. ते कोणत्याही विद्युतभाराभोवती गोळा होऊन त्याला झाकून टाकतात. शरीरातील द्रवात हा पडदा एक नॅनोमीटरपेक्षाही जवळ असतो. हूक त्यापेक्षा लांब असेल, तर त्याच्या टोकाला काय अडकले हे ग्राफीनला कळतच नाही. २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अमेरिकी संशोधकांच्या कामाने यावर वाट दाखवली. रेणू अडकताच स्वतःचा आकार बदलणारे अॅप्टामर त्यांनी वापरले. आकार बदलताना अॅप्टामरचा स्वतःचाच विद्युतभार पृष्ठभागाच्या जवळ-लांब सरकतो आणि नोंद होते. डोपामाइन आणि सेरोटोनिन त्यांनी असे मोजले. त्या ट्रान्झिस्टरमध्ये ग्राफीन नव्हते, इंडियम ऑक्साइड होते; तत्त्व मात्र ग्राफीनलाही लागू पडते.

दुसरी अडचण गर्दीची. मेंदूत डोपामाइनच्या तुलनेत ‘क’ जीवनसत्त्व हजारो पट जास्त असते आणि साध्या इलेक्ट्रोडवर दोघांचे संकेत एकमेकांत मिसळतात.

तिसरी अडचण टिकण्याची. रक्तातील प्रथिने पृष्ठभागावर चिकटतात, आकडा हळूहळू सरकत जातो. एकाच कारखान्यातील दोन चिप सारखा आकडा देतीलच असे नाही.

तरी काम पुढे सरकते आहे. २०२२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ‘न्यूरोस्ट्रिंग’ हा मऊ, ताणला जाणारा सेन्सर ‘नेचर’मध्ये मांडला. लेझरने तयार केलेल्या ग्राफीनचा हा सेन्सर प्राण्यांच्या मेंदूत आणि आतड्यात डोपामाइन-सेरोटोनिन मोजतो. तो ट्रान्झिस्टर नाही, रसायनाची थेट विद्युत-रासायनिक अभिक्रिया मोजतो. २०२४ मध्ये मँचेस्टरजवळील सॅलफर्ड रॉयल रुग्णालयात शस्त्रक्रियेदरम्यान ग्राफीनचे इलेक्ट्रोड प्रथमच माणसाच्या मेंदूवर ठेवले गेले. त्यांनी विद्युत संकेत टिपले, रसायने नाहीत. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ग्राफीनवर मूलभूत संशोधन होते, तेथील प्रा. मंदार देशमुख यांना २०१५ चा भटनागर पुरस्कार मिळाला आहे.

शहापूर-मुरबाडच्या कोणत्याही आरोग्य केंद्रात आज असा सेन्सर नाही.

गावात आलाच, तर काय मोजायचे?

बातम्यांत हा प्रश्न सहसा येत नाही. प्रत्येक विषबाधेसाठी उत्तर वेगळे आहे.

मण्यारच्या दंशात अॅसिटिलकोलिन मोजून उपयोग नाही. ते स्नायूजवळच्या फटीत सुटते आणि सुमारे एका मिलिसेकंदात मोडते. बोटातून काढलेल्या रक्तात ते सापडणार नाही. तिथे मोजायचे ते विषाचे प्रथिन, प्रतिपिंडाचा हूक लावून. ऑस्ट्रेलियात सापाचे विष ओळखणारा संच, ग्राफीनशिवाय, अनेक वर्षे वापरला गेला. भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष दिले जाते, त्यामुळे ‘कोणता साप’ यापेक्षा ‘विष आत गेले आहे का’ हा प्रश्न मोठा. पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या मुलासाठी हेच उत्तर हवे असते.

विंचूदंशात नॉरअॅड्रेनालिन रक्तात सापडते, पण अत्यल्प. निरोगी माणसाच्या एका मिलिलिटर रक्तरसात ते काहीशे पिकोग्रॅम असते. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. आज ते मोठ्या प्रयोगशाळेत मोजतात आणि अहवाल येईपर्यंत रुग्णाचे भवितव्य ठरलेले असते. शिवाय घाबरल्यानेही ते वाढते. त्यामुळे घाम आणि थंड हातपाय पाहून प्राझोसिन देणाऱ्या डॉक्टरला या आकड्याने किती मदत होईल, हे रुग्णांवरच तपासावे लागेल.

कीटकनाशकाच्या विषबाधेत आशा जास्त. इथे मोजायचे ते रुग्णाच्या रक्तातील कोलिनएस्टरेज अजून काम करते का. रक्ताच्या थेंबात अॅसिटिलकोलिन टाकले की चांगले विकर ते मोडते आणि आम्ल तयार होते. ही आम्लता ग्राफीनचा ट्रान्झिस्टर सहज टिपू शकतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि अनेकांचा जीव गेला. भात निघाल्यावर भेंडी-काकडीच्या मळ्यात पाठीवर पंप घेणाऱ्यांसाठी अशी चाचणी गावात असणे मोलाचे ठरेल. मात्र रंग बदलण्यावर आधारित कोलिनएस्टरेजच्या चाचण्या आधीपासून आहेत. ग्राफीनला त्यांच्यापेक्षा स्वस्त किंवा सोपे व्हावे लागेल.

‘एका मिनिटात निदान’ अशी बातमी आली तर काय विचारावे?

मोबाइलवर असा मथळा येईलच. तेव्हा चार गोष्टी पाहाव्यात. चाचणी खऱ्या रक्तावर झाली की मिठाच्या पाण्यावर? किती रुग्णांवर झाली? वीज गेल्यावर, फ्रिजशिवाय, पावसाळी दमट हवेत चिप टिकते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, आकडा पाहून डॉक्टर काही वेगळे करणार आहेत का? काचेच्या नळीची चाचणी या चारही प्रश्नांत उत्तीर्ण होते, म्हणून ती टिकली.

तोपर्यंत काय करावे?

साप चावल्यास किंवा तशी शंका असल्यास दंशाची जागा कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. हात-पाय हलणार नाही असा ठेवा, १०८ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा. साप पकडण्यात वेळ घालवू नका. पहाटे अचानक पोटदुखी, जड पापण्या किंवा गिळायला त्रास होत असेल, तर रुग्ण जमिनीवर झोपला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

विंचू चावल्यावर घाम सुटत असेल, हातपाय गार पडत असतील किंवा उलट्या होत असतील, तर घरी थांबू नका. प्राझोसिन डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे औषध आहे.

फवारणीनंतर लाळ, घाम, अंधूक दिसणे असे काही जाणवले तर कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरील लेबल सोबत न्या.

मण्यारपासून वाचण्याचा सर्वांत स्वस्त उपाय मात्र घरातच आहे. खाटेवर झोपावे. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी नीट खोचाव्यात.